तीनशे ग्रॅमचा कॅमेरा

शालिग्रामभाऊ दुरुगकरांचा उजवा खांदा त्यांच्या आधीच निवृत्त झाला. पस्तीस वर्षं रायपुरातल्या मराठी घरांची लग्नं, मुंजी आणि बारशी त्या खांद्यानं वाहिली होती. गळ्यात कॅमेरा, त्यावर फ्लॅश, कमरेला बॅटरीची पिशवी आणि वरून यजमानांची घाई. एका हळदीच्या दिवशी नवरीचा फोटो घ्यायला ते हात वर करायला गेले, तो छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. समता कॉलनीतल्या हाडांच्या डॉक्टरानं एक्स-रेची फिल्म उजेडाला धरली, मान हलवली आणि सांगितलं, या हातानं यापुढं अर्ध्या किलोच्या वर काही उचलायचं नाही. भाऊंनी घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर कॅमेरा ठेवला. दोन किलो शंभर ग्रॅम, तोही फ्लॅश सोडून. मग त्यांनी तो बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटात टाकला.

बायको, म्हणजे गोदू, म्हणाली, "बरं झालं. आता तरी घरी बसा."

घरी बसणं सोपं असतं तर जगात निम्मे लोक सुखी झाले असते. बूढापारा भागातला स्टुडिओ सहा वर्षांपूर्वीच बंद झाला होता, कारण पासपोर्टचा फोटो लोक आता झेरॉक्सवाल्याकडेच काढून घेतात. राहिली होती लग्नं, आणि तिथंही कालची पोट्टी ड्रोन उडवत येतात. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय! खरं सांगायचं तर भाऊ दमले होते, आणि नुसत्या खांद्यानं नाही. "जरा इकडं पाहा, हसा" असं हजारदा म्हणून दमले होते, शेवटच्या पंगतीत गार वरणभात जेवून दमले होते. लोकांच्या आनंदात हजर राहायचं काम इतकी वर्षं केलं की माणसाला आनंदाचाही शीण येतो. तो शीण त्यांना आला होता. आणि काम सुटलं तर आपण कोण, ही धास्तीही होतीच.

त्यांची मुलगी निवेदिता पुण्याला नोकरी करते. तिनं आईकडून सगळं ऐकलं आणि महिन्याभरात घरी एक पार्सल आलं. आत मुठीएवढा कॅमेरा. निवेदिताला मराठी सगळं समजतं, पण बोलते ती हिंदीत, रायपुरातल्या निम्म्या पोरांसारखी. फोनवर म्हणाली, "बाबा, छोटा है, पर खिलौना मत समझना. तीन सौ ग्राम भी नहीं है. डॉक्टर को दिखा देना."

भाऊंनी तोही काट्यावर ठेवला. तीनशेला दोन कमी. काट्यावर दोन वाट्या साखर ठेवली असती तरी याहून जड भरली असती.

मग आठ दिवस त्यांनी त्या कॅमेऱ्याची परीक्षा घेतली. नव्या सुनेची घेतात तशी, आधी खोट काढायची या बेतानं. खोट भरपूर निघाली. डोळा लावायला भोकच नाही. फोटो पाहायचा तो मागच्या पडद्यावर, आणि भर दुपारच्या उन्हात त्या पडद्यावर स्वतःचंच तोंड दिसतं. बटणं एवढाली की एका अंगठ्याखाली दोन दबतात. बॅटरी दोनशे-सव्वादोनशे फोटोंत मान टाकते. भिंग बदलता येत नाही, जे दिलं त्यावर भागवायचं. झूम तीन पटीच्या पुढं जात नाही, म्हणजे लांबचं माणूस जवळ हवं असेल तर आपण पायी चालत जायचं. आणि चालू केला की ते भिंग बारीक घरघर करत आतून बाहेर येतं, एकात एक बसणाऱ्या डब्यांसारखं, आणि तेवढ्यात समोरचं हसू ओसरलेलं असतं.

नवव्या दिवशी संध्याकाळी वीज गेली. गोदू देवापुढं निरांजन लावत होती. भाऊ पाटावर बसले होते, हातात कॅमेरा होता, सहज कळ दाबली. फ्लॅश नाही, आवाज नाही. वीज आल्यावर संगणकावर तो फोटो उघडला आणि भाऊ खुर्ची पुढं ओढून पाहत राहिले. भिंगाचं तोंड इतकं उघडं होतं की एका वातीचा उजेड त्याला पुरला होता. गोदूच्या डोळ्याजवळची सुरकुती, कपाळावरचा घाम, ओठांत अडकलेलं स्तोत्र, सगळं जागच्या जागी होतं. पस्तीस वर्षांत बायकोचा असा फोटो त्यांना मिळाला नव्हता, कारण मोठा कॅमेरा उचलला की ती पदर सावरून पुतळा व्हायची. या चिमुकल्याला ती भ्यालीच नव्हती.

तेव्हापासून भाऊंचा त्याच्यावर जीव जडला. लोकांचा मात्र जडला नाही. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं म्हणतात खरं, पण लग्नघरात फोटोवाल्याची कीर्ती त्याच्या कॅमेऱ्याच्या वजनावर ठरते. एका बारशाला यजमानांनी विचारलं, "भैया, बडावाला नहीं लाए?" दुसऱ्या ठिकाणी बाळाच्या आत्यानं त्यांना खांद्याला धरून, तेही उजव्याच, बाजूला सारलं. "काका, जरा सरका ना, फोटोवाला येऊन राहिला." भाऊंनी सांगितलं नाही की फोटोवाला मीच. सांगायचाही कंटाळा आला होता.

अशात चैत्राच्या शेवटी कुसुम आली.

कुसुम म्हणजे भाऊंची मावसबहीण, त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. नवरा रेल्वेत होता, आठ वर्षांपूर्वी गेला. दोन मुली. थोरल्या राधिकाचं लग्न तीन वर्षांपूर्वी झालं, आणि आता धाकट्या गंधालीचं वैशाखात ठरलं होतं, श्रेयस नावाच्या भिलाईच्या मुलाशी. चहा झाला, मुहूर्ताचं, साड्यांचं बोलून झालं. मग कुसुम म्हणाली, "दादा, एक काम आहे. नाही म्हणू नको."

"अवं, खांद्यानं लग्न नाही होत आता माझ्याच्यानं."

"लग्न करायले तुझ्या स्टुडिओतल्या त्या सुशीलची कंपनी बोलावली आहे दिरानं. पाच पोट्टे, ड्रोन, सगळं आहे. तुले फक्त एक फोटो काढायचा आहे."

"एकच?"

"अंतरपाट दूर होते ना, तेव्हाचा. गंधालीच्या तोंडाचा."

भाऊंना क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि त्यांनी कप खाली ठेवला. कुसुमच्या सासरी रीत होती, अजून बऱ्याच घरांत आहे, की मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या आईनं तिथं थांबायचं नाही. तिनं मागं जायचं आणि तुळशीला पाणी घालत उभं राहायचं. लेकीच्या डोक्यावर अक्षता पडताना आईची नजर लागते म्हणतात. आईची! ही रीत ज्यानं काढली तो नक्की मुलाचा बाप असणार.

"राधिकाच्या वेळी मी तुळशीजवळ होती," कुसुम म्हणाली. "म्हटलं, फोटोत पाहून घेऊ. चार महिन्यांनी अल्बम आला. चार हजार फोटो काढले होते त्यांनी. अन् त्या एका फोटोत पोरीच्या तोंडासमोर कोणाचा तरी हात आहे, मोबाईल धरलेला. नुसता हात. बांगडीवरून मी आजतागायत ओळखून राहिली का कोणाचा असन."

गोदू आत होती, तीही काम थांबवून ऐकत होती.

"गोदूवहिनीचा तो दिव्यापाशीचा फोटो पाहिला मी," कुसुम म्हणाली. "तसा पाहिजे. तुझा कॅमेरा लहान आहे, कोठीही घुसते. काढ, अन् लगेच मागं येऊन मले दाखव. चार महिने नाही थांबत मी आता."

"हव," म्हणून भाऊंनी होकार दिला. आपल्याकडं कोणी बऱ्याच दिवसांनी काही मागितलं होतं, आणि तेही या कॅमेऱ्यासाठीच मागितलं होतं.

त्यानंतरचे पंधरा दिवस भाऊंनी त्या एका फोटोची तयारी केली. झूम कमी, म्हणून जवळ उभं राहावं लागणार. नवरीचं तोंड हवं, म्हणून नवऱ्या मुलाच्या बाजूला. तिथं मुलाचा मामा उभा राहतो, तर त्याच्या कोपराखालून कॅमेरा सरकवायचा आणि पडदा वर वळवून उभ्या उभ्या पाहायचं. मोठ्या कॅमेऱ्याला हे सात जन्मांत जमलं नसतं. भिंग अंधारात चाचपडतं, म्हणून अंतर, म्हणजे फोकस, आधीच बांधून ठेवायचं. एक बॅटरी आत, एक खिशात. गोदूला त्यांनी दारात उभं केलं, मधे चादर धरायला शेजारणीला बोलावलं आणि चादर वीसदा खाली पाडून पाहिली. वीसच्या वीस फोटो आले. शेजारीण म्हणाली, "भाऊ, या वयात दुसऱ्यांदा लग्न करून राहिले काय?"

आणि अक्षतांचे तांदूळही भाऊंनीच आणले. कुसुमची सक्त ताकीद होती की जाडा तांदूळ चालणार नाही. मुलाकडचे म्हणतील, रेशनचा उचलून आणला. दुबराज पाहिजे, आपल्या इकडचा बारीक, वासाचा. भाऊ गोल बाजारात गेले, डाव्या हातात पिशवी धरून चार दुकानं फिरले आणि सगळ्यात बारीक दाणा पाहून घेऊन आले. कुसुमनं चार दुपारी बसून तो निवडला. तुटका दाणा अक्षतेत चालत नाही, म्हणून एकेक कणी बाजूला काढली. कुंकू आणि तुपाचा हात लावून दाणे सावलीत वाळवले. सवाष्णींनी करायचं काम म्हणून तिची जाऊ मंदाकिनी आधी कुरकुरली, पण चार दुपारी पाठ मोडून बसायला मंदाकिनीही काही आली नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊलाच ऊन डोक्यावर चढलं होतं. कार्यालयात चार कूलर होते आणि त्यातले दोन नुसते फिरत होते. मुहूर्त अकरा बावन्नचा. कन्यादानाला दीर आणि मंदाकिनी बसणार होते, कारण कुसुमला कुंकू नव्हतं. हे सगळं कोणी वाईट मनानं केलं नव्हतं. वाईट मनानं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. कुसुम सकाळपासून पाहुण्यांना सरबत विचारत फिरत होती, हसत होती, आणि तिच्या डोळ्यांखाली चार रात्रींची जाग दिसत होती.

सुशीलची पोरं काळे सदरे घालून आली. त्यांचे कॅमेरे खांद्यावर, छातीवर, काठीवर, आणि एक आकाशात. सुशील स्वतः भाऊंच्या पाया पडला, एके काळी त्यानं भाऊंच्या स्टुडिओत अल्बम चिकटवले होते. मग त्याची नजर भाऊंच्या हाताकडं गेली.

"भाऊ, हे घेऊन?"

"एकच फोटो काढायचा आहे मले. तुझ्या मधात नाही येत."

"अहो, पाहिजे तेवढे काढा," सुशील म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतकी कीव होती की भाऊंना खांद्यापेक्षा तीच जास्त दुखली.

साडेअकराला मामानं गंधालीला बोहल्यावर आणलं. मंदाकिनीनं गर्दीतून कुसुमला शोधून काढलं आणि दंडाला धरलं. "चला वहिनी, तुम्ही तुळशीकडे. सुरू होऊन राहिलं." कुसुमनं जाता जाता भाऊंकडं पाहिलं. नुसती मान हलवली, आणि मागच्या दारानं गेली.

भाऊ ठरल्या जागी, मुलाच्या मामाच्या मागं उभे राहिले. कॅमेरा चालू केला, भिंग घरघरत बाहेर आलं, पडदा वळवला. मामाच्या कोपराखालच्या फटीत गंधालीचं तोंड बरोबर चौकटीत बसलं. मधे अंतरपाट होता, पण तो वरून खाली यायचा, म्हणजे आधी मुंडावळ्या दिसणार, मग कपाळ, मग डोळे. भाऊंनी अंतर बांधून ठेवलं. छातीत धडधडत होतं. इतक्या लग्नांनंतर धडधडतं आहे, याचं त्यांना बरं वाटलं.

पहिलं अष्टक भटजींनी म्हटलं. शुभमंगल सावधान झालं, आणि अक्षता आल्या.

भाऊंनी हजारो वेळा अक्षता अंगावर घेतल्या होत्या. पण तेव्हा ते मोठं भिंग लांबूनच काम करायचं, त्याला पुढं काचेचं झाकण आणि कडेनं टोपी असायची, आणि अक्षता त्यावरून घरंगळून जायच्या. आज ते अगदी जवळ उभे होते. मागं बसलेले तीनशे पाहुणे नवरा-नवरीवर नेम धरून जे फेकत होते, ते पोचायचं भाऊंच्या हातांवर. त्यांनी तळहाताची आडोशाला पाळ केली. दुसरं अष्टक. तिसरं. सावधान, आणि पुन्हा पाऊस.

चौथ्याला मुलाचे काका पांडुरंगराव माईकवर आले. त्यांनी स्वतः रचलेली अष्टकं आणली होती, एकूण पाच, आणि दोन्ही घराण्यांतल्या झाडून सगळ्यांची नावं त्यांत बसवली होती. वृत्त पहिल्याच आत्येपाशी मोडलं होतं. भटजी घड्याळाकडं पाहत होते. त्यांचं पहिलं अष्टक संपलं, अक्षता पडल्या, आणि भाऊंनी चौकट थोडी आवळावी म्हणून झूमची कळ फिरवली.

भिंग अर्ध्यात अडलं. कर्र असा आवाज आला. मागं गेलं, पुढं आलं, पुन्हा कर्र. पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. भिंगात दोष, कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करा.

भाऊंनी बंद केला. भिंग आत जाईना. चालू केला, बाहेर येईना. चष्मा खाली ओढून पाहिलं, तर त्या एकात एक बसणाऱ्या नळ्यांच्या फटीत लाल टोक दिसत होतं. दुबराजचा दाणा. जाडा तांदूळ असता तर त्या फटीत शिरलाच नसता. गोल बाजारात चार दुकानं फिरून सगळ्यात बारीक दाणा त्यांनीच वेचून आणला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नखानं काढून पाहिलं, तो आणखी आत गेला. खिशातली टाचणी घालून पाहिली. कॅमेरा उलटा करून आपटला, फुंकर मारली. मामानं वळून रागानं पाहिलं. पांडुरंगराव दुसऱ्या अष्टकात मुलाच्या पणजोबांपर्यंत पोचले होते. आठ दिवस कॅमेऱ्याची परीक्षा घेतली, अंधारात घेतली, उन्हात घेतली, चादर वीसदा पाडून घेतली, आणि मूठभर अक्षता टाकून पाहायचं डोक्यात आलं नाही. मराठी लग्नांवर पोट भरलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही! भाऊंना स्वतःची इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सुशीलचे पोट्टे लांबून डोळा लावून बसले होते. त्यांच्यापुढं मोबाईल धरलेले हात वर व्हायला लागले होते, वीस, तीस, पन्नास. राधिकाच्या फोटोत आला तो हात यातलाच कोणाचा तरी असेल. खिशात फोन त्यांच्याही होता. तो काढून त्या पन्नासांत एकावन्नावा हात घालता आला असता. पण मागं तुळशीजवळ कुसुम उभी आहे आणि अजून तीन अष्टकं बाकी आहेत, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. भाऊ मामाच्या मागून निघाले, कडेकडेनं गेले, आणि स्वयंपाक्यांच्या मधून मागच्या अंगणात आले.

तिथं ऊन रणरणत होतं. तुळस म्हणजे रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेलं रोप. कुसुम अनवाणी होती, तांब्यानं थोडं थोडं पाणी घालत होती. डब्याखालून ते तिच्या पायांवरून वाहत होतं. माईकवरचं सगळं तिला इथं ऐकू येत होतं. तिनं भाऊंना पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"झालं? काढला? दाखव."

"नाही निघाला," भाऊ म्हणाले. "कॅमेरा अडकला. अक्षत गेली त्याच्यात."

कुसुमचा हात खाली आला. ती रागावली नाही. रागावली असती तर भाऊंना सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "जाऊ दे. माझं नशीबच असं," आणि पुन्हा तांब्या वाकडा केला.

भाऊंच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. आयुष्यभर ते यजमान सांगतील तिथं उभे राहिले होते. "नशीब गेलं खड्ड्यात," ते म्हणाले. "अजून दूर नाही झाला अंतरपाट. चल. तूच पाहून घे."

"वेडा झाला काय तू? मंदाकिनी काय म्हणन? अन् मी अशी..."

"कशी? आई आहे तू तिची."

"नजर लागते म्हणतात, दादा."

"काहून लागन? तुझी नाही त कोणाची लागन? ते पन्नास मोबाईलवाले पाहून राहिले, त्यांची नाही लागत? चल लवकर. तो पांडुरंग दम खाते तोवर चल."

कुसुम हलली नाही. आतून सावधान ऐकू आलं, आणि वाजंत्रीवाल्यांनी सनई तोंडाला लावून पाहिली. कुसुमनं तांब्याकडं पाहिलं. त्यात अजून अर्धं पाणी होतं. तिनं ते सगळं एकदम तुळशीत ओतलं, तांब्या खाली ठेवला आणि ओल्या पायांनीच चालायला लागली. भाऊंच्या पुढं गेली.

ते दोघं कूलरच्या मागं, खांबाशी उभे राहिले. कोणी वळून पाहिलं नाही. सगळ्यांच्या नजरा आपापल्या हातातल्या पडद्यावर होत्या. पांडुरंगरावांकडून भटजींनी माईक काढून घेतला होता आणि ते शेवटचं घाईघाईनं म्हणत होते. कॅमेरा खिशात टाकलेला, भाऊंच्या हातात काही नव्हतं. हात कुठं ठेवावे हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते मागं बांधले.

अंतरपाट दूर झाला. वाजंत्री कडाडली. वर झालेल्या हातांच्या फटीतून गंधाली दिसली. तिनं डोळे वर केले, श्रेयसकडं पाहिलं, हनुवटी थोडी थरथरली, आणि मग तिला हसू आलं. लहानपणी शाळेत चूक सापडली की यायचं तसं, खालचा ओठ दातांत धरून. मग हार, अक्षता, माणसं मधे आली आणि ती दिसेनाशी झाली.

"हसली रे," कुसुम म्हणाली. पदर तोंडाशी धरून ती रडत होती.

भाऊंनी मान हलवली.

थोड्या वेळानं कुसुमनं डोळे पुसले. समोर मंदाकिनी गर्दीतून इकडंच पाहत होती, तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. कुसुम मागं सरली नाही. तिनं हलक्या आवाजात विचारलं, "एवढंच असते काय, दादा?"

"हव. एवढंच. दोन सेकंद."

"अन् यासाठी मले दोन्ही वेळा बाहेर उभं केलं?"

कपाटात त्यांच्या पस्तीस वर्षांच्या अंतरपाटांच्या फोटोंचे गठ्ठे होते, चारेकशे तरी असतील. त्यांना एकेक आठवायला लागला. मामा होते, आत्या होत्या, भटजी होते, कुठून कुठून आलेले पाहुणे होते. नवरीची आई त्यांतल्या बऱ्याच फोटोंत नव्हती. ती कुठं गेली, हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नव्हतं. उलट मधे माणूस कमी म्हणून चौकट चांगली बसते, असंच त्यांना दर वेळी वाटलं होतं.

"जा," ते कुसुमला म्हणाले. "पोरगी तुले शोधून राहिली असन."

ती गेली. फरशीवर तिच्या ओल्या पावलांचे ठसे उमटले आणि त्या उन्हाळ्यात बघता बघता वाळूनही गेले. भाऊ खांबाला टेकून तसेच उभे राहिले, आणि बराच वेळ त्यांना जेवायला चला म्हणायला कोणी आलं नाही.